बटाटा आधी, पाला नंतर

मेथी-बटाट्याची कोरडी भाजी मराठी घरांत इतकी सरावाची आहे की तिची कृती कुणी वहीत उतरवून ठेवत नाही. तेल, लसूण, मिरची, बटाट्याच्या फोडी, निवडलेली मेथी आणि मीठ, एवढेच मुख्य जिन्नस. तरी याच जिन्नसांतून एका घरी खरपूस कडांच्या, आतून मऊ फोडी आणि त्यांना बिलगलेला हिरवा पाला ताटात येतो, तर दुसऱ्या घरी काळपट गिच्चगोळा. मग कुणी मेथीला दोष देतं, कुणी बटाट्याला, कुणी म्हणतं तेल कमी पडलं. माझ्या मते या भाजीत बिघडतं ते पाण्याचं गणित. वरून एक थेंब न घालताही तिच्यात भरपूर पाणी असतं. ते केव्हा कोंडायचं, केव्हा सुटू द्यायचं आणि केव्हा उडवायचं, यावर तिचं सगळं रूप ठरतं.

कच्च्या बटाट्याच्या वजनात सुमारे 80 टक्के पाणी असतं. मेथीच्या पानांत 85 टक्क्यांच्या आसपास, पालकात तर 90 च्याही वर. म्हणजे दोघंही पाण्याचेच, पण पाणी धरून ठेवण्याची दोघांची रीत अगदी वेगळी. बटाट्याच्या पेशी स्टार्चच्या कणांनी भरलेल्या असतात. तापमान 60 अंश सेल्सिअसच्या आसपास पोचलं की हे कण फुगू लागतात आणि पेशीतलंच पाणी शोषून घेतात. त्यामुळे शिजलेला बटाटा ओलसर असला तरी त्याचं पाणी तव्यावर वाहत नाही. पानाकडे स्टार्चचा असा साठा नसतो. पानाच्या पेशीतलं बहुतेक पाणी मधल्या एका मोठ्या पोकळीत असतं आणि त्याच्या दाबावर पान ताठ राहतं. उष्णता लागली की पेशीचं पातळ आवरण निकामी होतं, दाब जातो, पान लोळतं आणि पाणी बाहेर येतं. कढईभर मेथी दोन मिनिटांत मूठभर होते ती यामुळे.

हे बाहेर आलेलं पाणी तव्यात काय करतं, ते महत्त्वाचं. तळाशी पाणी आहे तोवर तिथलं तापमान 100 अंशांच्या फारसं वर जात नाही. बटाट्याच्या कडेवर येणारा बदामी रंग आणि भाजल्याचा वास मात्र साधारण 140 अंशांच्या पुढे झपाट्याने तयार होतो. प्रथिनांचे घटक असलेली अमिनो आम्लं आणि काही साखरा यांच्यात तेव्हा ज्या क्रिया होतात, त्यांना लुई-कामीय माय्यार या फ्रेंच शास्त्रज्ञाचं नाव आहे. 1912 मध्ये माय्यार यांनी या क्रियांचं वर्णन केलं. पावाचं कवच, भाजलेली कॉफी, खमंग शेंगदाणे या सगळ्यांमागे तीच क्रिया आहे. ओल्या तव्यावर ती होत नाही. बटाटा आणि पाला एकाच वेळी कढईत टाकला, तर पाल्याचं पाणी बटाट्याच्या पायाशी साचतं आणि बटाटा भाजला जाण्याऐवजी उकडला जातो. पुढे कितीही वेळ परता, रंग येईपर्यंत पाल्याचा चोथा झालेला असतो.

किती पाण्याची ही गोष्ट आहे, याचा हिशेब मांडता येतो. एक ग्रॅम पाणी 30 अंशांवरून 100 अंशांपर्यंत तापवायला सुमारे 290 ज्यूल उष्णता लागते. त्याच एका ग्रॅमची वाफ करायला लागते सुमारे 2,260 ज्यूल, म्हणजे जवळजवळ आठपट. आता 200 ग्रॅम निवडलेली मेथी घ्या. तिच्यात 170 ग्रॅम पाणी. ते सगळं उडवायचं नसतं, नाहीतर हातात कसुरी मेथीसारखा चुरा येईल. साधारण अर्धं उडालं तरी भाजी कोरडी दिसते. 85 ग्रॅम पाण्याची वाफ करायला सुमारे 190 किलोज्यूल लागतात. शेगडीच्या लहान बर्नरवरून भांड्यापर्यंत एक किलोवॅटच्या आसपास उष्णता पोचते असं धरलं, तर हे काम तीन मिनिटांच्या थोडं वर चालतं. या तीन मिनिटांत बटाट्याला रंग येणं अशक्य. म्हणून जो काही रंग आणायचा, तो पाला पडण्याच्या आधी.

तवा जड हवा, याचंही कारण याच हिशेबात आहे. बिडाचा तवा किंवा बिडाची कढई उष्णता पसरवण्यात अॅल्युमिनियमच्या खूप मागे आहे. ज्योतीच्या वरचा भाग तापतो आणि कडा बराच वेळ गार राहतात. बिडाचं बळ त्याच्या वजनात आहे. दोन किलोचा बिडाचा तवा 200 अंशांवरून 100 अंशांवर येताना सुमारे 90 किलोज्यूल उष्णता देऊन जातो, म्हणजे 40 ग्रॅम पाण्याची वाफ होईल एवढी. चारशे ग्रॅमचं पातळ अॅल्युमिनियमचं भांडं तेवढंच उतरताना 36 किलोज्यूल देतं. पाल्याचा पहिला ढीग पडताच पातळ भांडं बसकण मारतं, बीड टिकून राहतं. अर्थात ही पुंजी आधी साठवावी लागते. बिडाचं भांडं मध्यम आचेवर पाच मिनिटं तरी तापू द्यावं, मगच तेल. मोठ्या आचेवर घाईने तापवलं की मधोमध करपतं आणि कडेला कच्चं राहतं.

बिडाला बटाटा चिकटतो अशी तक्रार असते. ती बहुधा नव्या किंवा साबणाने खरवडून घासलेल्या तव्याची असते. तेलाचा अगदी पातळ हात देऊन तवा पुन्हा पुन्हा तापवला की तेलाचे रेणू एकमेकांत गुंफले जातात आणि काळा, कठीण, गुळगुळीत थर तयार होतो. हा थर टिकवला तर बिडावर डोसासुद्धा सुटतो. वापरून झाल्यावर तवा कोमट असतानाच धुवावा, लगेच शेगडीवर ठेवून कोरडा करावा आणि तेलाचं बोट फिरवून ठेवावा. रात्रभर ओला ठेवला तर सकाळी गंज चढलेला दिसेल.

आता बटाटा. बाजारात तो नुसता ‘बटाटा’ म्हणून विकला जातो, पण त्याच्या जाती आहेत आणि तव्यावर त्या वेगवेगळ्या वागतात. भारतातल्या बहुतेक जातींच्या नावापुढे ‘कुफरी’ असतं, कारण सिमल्याजवळच्या कुफरी इथल्या केंद्रावर त्यांच्या पैदाशीचं काम झालं. केंद्रीय बटाटा संशोधन संस्था 1949 मध्ये पाटण्याला सुरू झाली आणि 1956 मध्ये सिमल्याला हलली. कुफरी ज्योती ही 1968 ची जात, आजही पुष्कळ लावली जाते. कुफरी पुखराज 1998 ची. पिवळसर गराची, लवकर तयार होणारी, पाण्याचं प्रमाण जास्त असलेली. त्याच वर्षीची कुफरी चिप्सोना-1 नावाप्रमाणेच वेफर्ससाठी काढलेली, तिच्यात घन भाग जास्त आणि साखर कमी. पुणे जिल्ह्यात खेड आणि आंबेगाव तालुक्यांत, विशेषतः सातगाव पठारावर, पावसाळी बटाट्याचं पीक पिढ्यान्‌पिढ्या घेतलं जातं. त्याचं बियाणं पंजाबातून येऊन मंचरच्या बाजारात विकलं जातं आणि पठारावरचा बराच माल आज वेफर्सच्या कारखान्यांकडे जातो.

विकत घेताना जात ओळखणं सगळ्यांना जमणार नाही, पण दोन गोष्टी लक्षात ठेवता येतात. नवा बटाटा पातळ सालीचा असतो, अंगठ्याने घासलं तरी साल निघते. त्यात पाणी जास्त आणि स्टार्च कमी असतो, म्हणून फोड आकार सोडत नाही, पण आतून पिठूळ होत नाही. जुन्या, जाड सालीच्या बटाट्याची फोड आतून भुसभुशीत होते आणि तिच्या कडा चुरून खरपूस बनतात. मेथीबरोबर मला जुना आवडतो, कारण मेथीच्या कडवटपणाला पिठूळ चव जास्त चांगली झेलते. हिवाळ्याच्या शेवटी कोवळी मेथी आणि शेतातून नुकता निघालेला नवा बटाटा एकदम मिळतात, तेव्हा मात्र सालीसकट नवाच घ्यावा.

दुसरी गोष्ट बटाट्याच्या साठवणीची. शीतगृहात किंवा घरच्या फ्रिजमध्ये फार थंडीत राहिलेला बटाटा आपला काही स्टार्च मोडून त्याच्या साखरा करतो. असा बटाटा चवीला गोडसर लागतो आणि तव्यावर पडला की आत शिजण्याआधी बाहेरून काळपट तपकिरी होतो, कारण माय्यारच्या क्रियेला लागणारी साखर त्यात गरजेपेक्षा जास्त असते. यात आरोग्याचाही प्रश्न आहे. बटाट्यातलं अॅस्पॅराजिन नावाचं अमिनो आम्ल आणि या साखरा 120 अंशांच्या वर एकत्र आल्या की अॅक्रिलामाइड तयार होतं. तळलेल्या-भाजलेल्या अन्नात ते सापडतं, हे 2002 मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी जाहीर केलं आणि त्यानंतर जगभरच्या वेफर्स उद्योगाने आपल्या पद्धती बदलल्या. घरी त्यासाठी एवढं पुरे की कच्चा बटाटा फ्रिजमध्ये ठेवू नये आणि रंग सोनेरी झाला की थांबावं. थंडीत गोड झालेला बटाटा आठ-पंधरा दिवस घरातल्या साध्या तापमानात, अंधारात ठेवला तर त्याची साखर बरीच उतरते.

अंधारात, कारण उजेडात बटाटा हिरवा पडतो. तो हिरवा रंग हरितद्रव्याचा, स्वतः निरुपद्रवी. पण त्याच्याबरोबर सोलॅनिन आणि चॅकोनिन ही विषारी द्रव्यं वाढतात आणि ती शिजवल्याने जात नाहीत. हिरवा भाग आणि कोंब खोल कापून टाकावेत, फारच हिरवा असेल तर बटाटाच टाकावा. बटाट्याच्या झाडाच्या पाल्यातही हीच द्रव्यं असतात. मुळ्याचा पाला मुळ्याच्याच भाजीत जातो, नवलकोलचाही जातो, बटाट्याचा मात्र कधीच नाही. बटाट्याला पाला दुसऱ्या झाडाचाच घ्यावा लागतो.

बटाट्यातल्या पाण्याशी माणसाचा झगडा फार जुना आहे. दक्षिण अमेरिकेत, आजच्या पेरू आणि बोलिव्हियाच्या सीमेवरच्या टिटिकाका सरोवराच्या परिसरात बटाटा हजारो वर्षांपूर्वी माणसाळवला गेला. तिथल्या उंच पठारावर लोक कडाक्याच्या थंडीच्या दिवसांत बटाटे रात्री उघड्यावर गोठवतात, सकाळी ते सैल पडले की पायांनी तुडवून पाणी काढतात आणि उन्हात वाळवतात. असं पुन्हा पुन्हा केल्यावर जे उरतं, त्याला चुन्यो म्हणतात. वजनाला हलका, दगडासारखा कडक हा सुका बटाटा वर्षानुवर्षं टिकतो. पुढे बटाटा 16 व्या शतकात स्पॅनिश जहाजांतून युरोपात आणि नंतर पोर्तुगीजांमार्फत आपल्या पश्चिम किनाऱ्यावर पोचला. मेथी मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून इथली. आज ज्या जोडीला आपण अस्सल घरची समजतो, तिच्यातला एक जण चार शतकांचाच पाहुणा आहे.

फोडी करताना आकार एकसारखा ठेवावा, साधारण दीड सेंटीमीटर. काचऱ्या पातळ असतात, त्या लवकर शिजतात पण पाल्यात परतताना मोडतात. चिरलेल्या फोडी लगेच पाण्यात टाकाव्यात. हवेशी संबंध आला की बटाट्यातलं एक विकर फोडी तांबूस-काळ्या करतं, ते पाण्याने थोपतं. शिवाय कापताना फुटलेल्या पेशींचा स्टार्च फोडीच्या अंगावर असतो. तो धुतला नाही तर तव्यावर त्याची खळ होते आणि फोडी एकमेकींना नि तव्याला चिकटतात. पाणी गढूळ दिसेनासं होईपर्यंत दोनदा धुवावं. आणि मग, ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात, फोडी स्वच्छ पंचावर पसरून पूर्ण कोरड्या कराव्यात. ओल्या फोडी तेलात पडल्या की पहिली दोन मिनिटं ते पाणी उडवण्यातच जातात आणि तोवर तवा थंड झालेला असतो.

कच्चे बटाटे घ्यावेत की उकडलेले? दोन्ही चालतं, पण दोन वेगळ्या भाज्या होतात. कच्च्या फोडी तेलात शिजल्या की त्यांना स्वतःचा दाट स्वाद येतो आणि वेळ लागतो. उकडलेला बटाटा लवकर तयार होतो, पण गरम असतानाच चिरून घातला तर लगदा ठरलेला. तो पूर्ण गार होऊ द्यावा, जमल्यास आदल्या रात्री उकडून ठेवावा. उकडलेला बटाटा फ्रिजमध्ये ठेवायला हरकत नाही, साखर वाढण्याची क्रिया जिवंत, कच्च्या बटाट्यातच होते. गार होताना फुगलेल्या स्टार्चचे रेणू पुन्हा एकमेकांना धरून घट्ट होतात. म्हणून शिळ्या उकडलेल्या बटाट्याची फोड सुरीने नेटकी पडते आणि तव्यावर आकार धरते. या घट्ट झालेल्या स्टार्चचा काही भाग आपल्या लहान आतड्यात पचत नाही, मोठ्या आतड्यातल्या जीवाणूंचं तो अन्न बनतो.

कच्च्या फोडींसाठी आपल्याकडे एक युक्ती पूर्वापार चालत आली आहे. कढईवर ताट झाकायचं आणि ताटात पाणी ठेवायचं. वरच्या पाण्यामुळे ताट गार राहतं, खालून येणारी वाफ त्याला लागून थेंब होते आणि परत भाजीवर पडते. भाजी अंगच्या पाण्यात शिजते म्हणतात ती अशी. उघड्या कढईत बटाट्याचं पाणी हवेत जातं, फोडी बाहेरून वाळतात आणि आतून कच्च्या राहतात. साध्या झाकणाखालूनही बरीच वाफ निसटते. या युक्तीने बटाटा वरून पाणी न घालता आतपर्यंत मऊ होतो. ज्यांनी कुणी ती पहिल्यांदा केली, त्यांना वाफेचा स्वभाव पुरता कळला होता. फक्त ती रंग आणण्याआधी वापरायची. आधी झाकून शिजवायचं, मग झाकण काढून खरपूस करायचं, आणि ताट उचलताना खालचे थेंब कढईत पडू द्यायचे नाहीत.

पाल्याला मात्र झाकण चालत नाही. पानाचा हिरवा रंग ज्या हरितद्रव्याचा, त्याच्या रेणूच्या मधोमध मॅग्नेशियमचा अणू असतो. पान तापलं की पेशींतली आम्लं मोकळी होतात, त्या मॅग्नेशियमला हुसकून लावतात आणि रंग शेवाळी-तपकिरी होतो. यातली काही आम्लं वाफेबरोबर उडून जाणारी असतात. झाकण ठेवलं की ती कोंडतात आणि पुन्हा पाल्यावर उतरतात. उघड्या तव्यावर, मोठ्या आचेवर, चार-पाच मिनिटांत पाला झाला तर हिरवा राहतो. चिमूटभर खाण्याचा सोडा घातला की रंग हिरवागार राहतो, हे खरं, पण सोड्याने पानं बुळबुळीत होतात आणि त्यांतलं थायमिन हे जीवनसत्त्व नष्ट होतं. मी सोडा घालण्याच्या विरुद्ध आहे.

मेथी निवडताना कोवळे देठ ठेवावेत. त्यांत कडवटपणा कमी आणि कुरकुरीतपणा जास्त असतो, आणि पाला लोळला तरी भाजीत काहीतरी दाताखाली येतं. जाड, पांढुरके, दोऱ्यांचे देठ काढावेत. मेथी आधी धुवावी, मग चिरावी. चिरून धुतली तर चिरेतून निघालेला रस आणि त्याबरोबर विरघळणारं क जीवनसत्त्व पाण्यात जातं. धुतलेली मेथी चाळणीत किमान अर्धा तास निथळू द्यावी. तेवढ्यात जे पाणी गळून जातं, ते तव्यावर उडवावं लागत नाही. कडवटपणा घालवायला काही जण मेथी मीठ लावून पिळून घेतात. कडवटपणा जातो, पण मेथीही जाते. मग पालकच का घेऊ नये? मेथीचा कडवटपणा बटाटा आणि तेल दोघं मिळून पुरेसा मवाळ करतात.

मीठ शेवटी घालायचं, हा पालेभाजीचा जुना दंडक. त्याची दोन कारणं आहेत. मीठ बाहेर पडलं की पानातलं पाणी त्याच्याकडे ओढलं जातं आणि तव्यावर आणखी लवकर, आणखी जास्त ओल होते. दुसरं कारण अंदाजाचं. ढीगभर पाल्याला पाहून घातलेलं मीठ मूठभर झालेल्या भाजीला खारट करतं. बटाट्याचं तसं नाही. फोडी आटत नाहीत आणि आतपर्यंत मीठ पोचायला वेळ लागतो, म्हणून त्यांच्या वाटणीचं मीठ त्या शिजत असतानाच घालावं. मी मीठ दोनदा घालते: एकदा झाकण ठेवण्याआधी, एकदा पाला आटल्यावर चाखून.

चौघांसाठी 400 ग्रॅम बटाटे आणि निवडून 200 ग्रॅम भरेल एवढी मेथी पुरते. तवा तापला की तीन मोठे चमचे शेंगदाण्याचं तेल. ते तापल्यावर मोहरी तडतडवावी, हिंग घालावा आणि लगेच कोरड्या फोडी एका थरात पसराव्यात. एकावर एक ढीग पडला तर खालच्या फोडींची वाफ वरच्यांना ओलं करते, त्यामुळे तवा लहान असेल तर दोन हप्त्यांत करावं. थोडं मीठ आणि हळद घालून पाण्याचं ताट झाकावं आणि मध्यम-मंद आचेवर आठ-दहा मिनिटं ठेवावं, मध्ये एकदाच हलवावं. सुरी सहज शिरली की ताट काढावं, आच वाढवावी आणि मग हात आवरावा. सतत उलथनं फिरवलं तर कोणतीच बाजू तव्याला पुरेसा वेळ लागत नाही. तीन मिनिटं तशाच राहू द्याव्यात, उलटाव्यात, पुन्हा तीन मिनिटं. कानाने कळतं: आधी ओला, फसफसता आवाज असतो, पाणी संपलं की तो बारीक, कोरडा, तडतडता होतो.

लसूण आणि मिरची आता. दहा पाकळ्या ठेचून, सुक्या मिरच्या तोडून. लसणात साखरेच्या जातीचे पदार्थ भरपूर असतात, तो बटाट्याच्या कितीतरी आधी करपतो आणि करपलेला लसूण सगळी भाजी कडू करतो. फोडी थोड्या कडेला सारून, मध्ये जागा करून, तिथल्या तेलात लसूण पिवळसर होऊ द्यावा. एका मिनिटाच्या आत मेथी. एकदम सगळी नाही, दोन-तीन मुठींत, म्हणजे तवा प्रत्येक वेळी सावरतो. झाकण नाही, आच मोठी, आणि आता मात्र उलथनं चालू ठेवायचं, खालचं वर करत, फोडी न मोडता. पाणी सुटेल, तव्याच्या तळाशी दिसेल आणि आटेल. आटलं की चाखून मीठ, गॅस बंद.

लिंबू शिजताना नको, टोमॅटो किंवा आमचूरही नको. आम्लाने हिरवा रंग जातो, हे वर आलंच. शिवाय बटाट्याच्या पेशींना जोडून ठेवणारं पेक्टिन आम्लात सहज विरघळत नाही, म्हणून आंबट घातलेल्या भाजीतला बटाटा तासभर उकळला तरी दडस लागतो. ताटात वाढल्यावर मात्र लिंबाची फोड जरूर पिळावी. पालेभाजीतलं लोह शरीर सहजासहजी शोषत नाही, क जीवनसत्त्व सोबत असलं तर जास्त शोषतं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या सुमारे 57 टक्के भारतीय स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. लोखंडाच्या, बिडाच्या भांड्यातून शिजणाऱ्या अन्नात थोडं लोह उतरतं, ओलं आणि आंबट अन्न असलं तर जास्त. एका भाजीने रक्तक्षय बरा होणार नाही, पण ज्या घरात ही भाजी होते तिथे ती बिडात व्हावी आणि तिच्यावर लिंबू पडावं, याला माझ्या लेखी चवीपेक्षा मोठं कारण आहे. जेवणानंतर लगेच चहा घेतला तर त्यातले टॅनिन हेच लोह अडवतात, हेही लक्षात असू द्यावं. तेलाबद्दल एवढंच की पाल्यातलं बीटा-कॅरोटिन शोषायला स्निग्धांश लागतो. तीन चमच्यांचा एक करण्यात शहाणपण नाही.

मेथीच्या जागी तांदुळजा, लाल माठ, शेपू, हरभऱ्याचा पाला, मुळ्याचा पाला, सगळे चालतात. मुळ्याच्या पाल्याला दोन मिनिटं जास्त द्यावीत. मुंबईकडे वाळूत वाढवलेली बारीक मेथी मिळते, तिला आच दाखवली की पुरे. पालकाला पाणी सर्वात जास्त, शिवाय त्यात ऑक्झॅलिक आम्ल भरपूर असतं आणि ते कॅल्शियमला बांधून ठेवतं. म्हणून पालक उकळत्या पाण्यात मिनिटभर घालून, पिळून मग तव्यावर घ्यावा. चुका आणि अंबाडी आंबट, त्यांची जागा या तव्यावर नाही.

उरलेल्या भाजीचं काय करावं, हे युरोपातल्या काही घरांकडून शिकण्यासारखं आहे. तिथे बटाटा आणि पाला हीच जोडी थंड प्रदेशांत जागोजागी भेटते, कारण कोबी आणि केल थंडीत शेतातच तग धरतात आणि बटाटा तळघरात टिकतो. हिवाळ्यात गरिबाच्या घरी हे दोनच खात्रीचे. आयर्लंडमध्ये कुस्करलेल्या बटाट्यात केल किंवा कोबी आणि लोणी घालून कोलकॅनन करतात आणि ते हॅलोविनच्या सणाला हमखास असतं. इंग्लंडमध्ये रविवारच्या जेवणातल्या उरलेल्या भाज्या सोमवारी तव्यावर परतून ‘बबल अँड स्क्वीक’ होतं. कॅटलोनियात, पिरेनीज पर्वतातल्या सेर्दान्या खोऱ्यात, त्रिन्शात नावाचा पदार्थ आहे: बटाटा आणि कोबी एकत्र उकडून, निथळून, ठेचून, लसूण आणि डुकराच्या चरबीत तव्यावर जाड पोळ्यासारखा दोन्ही बाजूंनी खरपूस केलेला. त्यासाठी तिथे दहिवर खाल्लेला कोबी पसंत करतात. गोठण्यापासून वाचण्यासाठी कोबी आपल्या पानांत साखर वाढवतो, त्यामुळे तो गोड झालेला असतो. हेच थंडीत ठेवलेल्या बटाट्याचं होतं; कोबीत जे हवंसं वाटतं, ते बटाट्यात नको असतं.

त्रिन्शातची रीत आपल्या शिळ्या मेथी-बटाट्याला जशीच्या तशी लागू पडते. रात्री फ्रिजमध्ये राहिलेल्या फोडी घट्ट झालेल्या असतात, पाल्याचं जादा पाणी आदल्या दिवशीच उडालेलं असतं. भाजी हाताने अर्धवट कुस्करावी, मुठीत दाबून धरली तर गोळा राहील इतपत. राहत नसेल तर दोन चमचे ज्वारीचं किंवा थालिपिठाच्या भाजणीचं पीठ मिसळावं. बिडाचा तवा नीट तापवून, दोन चमचे तेल घालून, त्यावर हे मिश्रण बोटभर जाडीचं थापावं, उलथन्याने दाबावं आणि मध्यम आचेवर पाच-सहा मिनिटं मुळीच हात लावू नये. कडा बदामी होऊन तव्यापासून आपोआप सुटू लागल्या की वर ताट पालथं घालून उलटवावं, तव्यात पुन्हा चमचाभर तेल सोडून दुसरी बाजू तशीच करावी. वर दही किंवा लसणाची कोरडी चटणी, आणि भाकरीची गरज राहत नाही.